मिक्सिंगवाल्यांचे प्रश्न

लग्नसराई ओसरली की शूटिंगवाल्यांचे खांदे मोकळे होतात आणि एडिटिंगच्या टेबलावर गर्दी होते. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात अजूनही या कामाला 'मिक्सिंग'च म्हणतात. कॅसेटच्या जमान्यातला शब्द आहे, चिकटला तो चिकटला. या खेपेला पाच प्रश्न घेतोय.

प्रश्न : सप्ताहातलं दीड तासाचं कीर्तन मोबाइलवर घेतलं, आवाज मिक्सरवरून वेगळा रेकॉर्ड केला. सुरुवातीला सगळं जुळतं, पण शेवटी शेवटी बुवांचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. नवा कॉम्प्युटर घ्यावा का? (चोपडा)

कॉम्प्युटरचे पैसे खिशातच ठेवा. आधी एक गोष्ट तपासा : आवाजातला फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच आहे की वाढत जातो? तेवढाच असेल तर ट्रॅक थोडा सरकवला की काम झालं. तुमचा वाढत जातोय, म्हणजे दोष मोबाइलच्या फाइलमध्ये असण्याची शक्यता दाट.

मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, लिहितो असं आपण धरून चालतो, पण तो इमानेइतबारे ३० लिहीत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की कधी २९, कधी २४. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. फोनवर बघताना काही कळत नाही. एडिटिंग प्रोग्राममधली टाइमलाइन मात्र ठरावीक चालीनं धावते, त्यामुळे चूक थेंबाथेंबानं साचते आणि दीड तासानं दिसते. 'मीडियाइन्फो' नावाचा फुकट प्रोग्राम टाकून फाइल त्यात उघडा. फ्रेमरेट मोडसमोर 'व्हेरिएबल' लिहिलेलं असेल तर चोर सापडला. मग 'हँडब्रेक' या दुसऱ्या फुकट प्रोग्राममधून फाइल नव्यानं काढून घ्यायची, फ्रेमरेट ३० आणि त्याखाली 'कॉन्स्टंट' निवडून. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. 'शॉटकट' या एडिटिंग प्रोग्राममध्ये एडिट करणार असाल तर तो स्वतःच अशी फाइल ओळखून बदलून घ्यायचं विचारतो. एवढं करूनही तासाभरात चार-दोन फ्रेमचा फरक राहिला, तर ती दोन यंत्रांच्या घड्याळांची तफावत. मधल्या एखाद्या टाळीवर आवाज कापून जुळवून घ्या.

पाहुण्यांच्या मोबाइलमधले क्लिप मागवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो आवळला जातो, आणि नंतर आपण कितीही ताणला तरी उपयोग नाही.

आणखी एक, न विचारलेलं. मांडवातल्या लाइटिंगच्या काळ्या पट्ट्या फुटेजमध्ये सरकताना दिसत असतील तर तेही मिक्सिंगमध्ये जात नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करा, शटर १/५० सेकंदाला बांधा. बहुतेक फोनच्या साध्या कॅमेऱ्यात हे जमत नाही. 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हे ॲप फुकट आहे, त्यात फ्रेमरेट आणि शटर दोन्ही आपल्याला हवं तसं लावता येतं.

प्रश्न : बी.ए.ला आहे. एडिटर व्हायचंय. कॅमेरा नाही, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. शहरातल्या क्लासची फी परवडत नाही. कुठून सुरुवात करू? (शहादा)

क्लासची फी वाचली असं समजा. 'दाविंची रिझॉल्व्ह' या एडिटिंग प्रोग्रामची फुकट आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत काम करते, आणि ती बनवणारी ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनी शिकायची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट देते. सोबत धड्यातलं फुटेजही मिळतं. पुस्तक संपलं की ऑनलाइन परीक्षा, पास झालात की प्रमाणपत्र. भाषा इंग्रजी, पण सोपी. यूट्यूबवर दहा जणांचे दहा तुकडे बघण्यापेक्षा हे एक पुस्तक आधी संपवा. अडचण एकच, रिझॉल्व्हला किमान १६ जीबी रॅम बरी. तुमचा लॅपटॉप रडायला लागला तर 'केडेनलाइव्ह' किंवा 'शॉटकट' घ्या. दोन्ही मुक्त आणि बरेच हलके. त्यात प्रॉक्सी चालू करा, म्हणजे काम छोट्या नकलेवर होतं आणि शेवटी निघताना मूळ फाइल वापरली जाते.

सरावाला दुसऱ्याचं कच्चं फुटेज लागतंच. ब्लेंडर फाउंडेशननं २०१२ मध्ये केलेल्या एका लघुपटाचं मूळ चित्रीकरण सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. इंटरनेट आर्काइव्हवर प्रेलिंगर संग्रहातले जुने अमेरिकन माहितीपट आहेत, ते कापून वेगळीच गोष्ट सांगून बघा. आणि कॅमेरा नाही म्हणता, पण फोन आहे ना? केळीचा घड बागेतून कापून ट्रकवर चढेपर्यंतचे वीस शॉट घ्या. त्याचे ६० सेकंद करा. मग ३०. मग १२. बारा सेकंदांना पोहोचताना कोणता शॉट टाकवत नाही, ते लिहून ठेवा. मला हे कुणी विसाव्या वर्षी सांगितलं असतं तर लग्नाचे रेडिमेड 'प्रोजेक्ट' पेनड्राइव्हवर गोळा करण्यात दोन वर्षं गेली नसती.

प्रश्न : बहिणाबाईंच्या कवितेवर पाच मिनिटांची फिल्म केलीय. यूट्यूबवर टाकली तर कॉपीराइट लागेल का? आणि लग्नाच्या हायलाइटवर हिंदी गाणी चालतात का? कायद्यात लग्नाला सूट आहे म्हणे. (पारोळा)

आपल्याकडे साहित्याचा हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो. मरणोत्तर छापलेल्या लेखनाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांची गाणी पुस्तकरूपानं १९५२ मध्ये आली. कसंही मोजा, मुदत संपलीय. शब्द तुमचे-आमचे सगळ्यांचे झाले. पण कुणी लावलेली चाल त्या संगीतकाराची, आणि कुणी गायलेलं रेकॉर्डिंग ते काढणाऱ्याचं. रेडिओवर ऐकलेलं गाणं उचलून लावू नका. त्यापेक्षा बहिणाबाईंच्या माहेरच्या, असोद्याकडच्या एखाद्या आजीला म्हणायला सांगा, तिची परवानगी घ्या, फोन तिच्या तोंडाजवळ धरा. त्या आवाजापुढे कोणतंही रेकॉर्डिंग फिकं पडेल. हे माझं मत.

लग्नाची सूट खरी आहे, फक्त ती अर्धीच ऐकली जाते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीत गाणं वाजवायला मोकळीक आहे, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाचे इतर सोहळेही धरलेत. म्हणजे वरातीत बँड वाजवा. तेच गाणं व्हिडिओवर चढवून इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट. तिथे यूट्यूबची आपोआप तपासणी गाणं ओळखते आणि 'क्लेम' येतो : जाहिरातीचे पैसे मालकाला जातात किंवा व्हिडिओ अडतो. क्लेमला घाबरू नका, स्ट्राइकला घाबरा; मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेला की चॅनेलवर लागतो तो स्ट्राइक. ९० दिवसांत ३ स्ट्राइक झाले तर चॅनेलच जाऊ शकतं. सार्वजनिक टाकायच्या हायलाइटला यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत लावा; ज्यावर श्रेय द्यायची अट असेल तिथे ते वर्णनात लिहा.

प्रश्न : अहिराणी गाण्याला सबटायटल देतोय. जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. सबटायटलच्या एसआरटी फाइलमध्ये तर नुसती प्रश्नचिन्हं. (साक्री)

प्रश्नचिन्हांचं सोपं आहे : फाइल नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' ठेवा. ज्या फाइलमध्ये प्रश्नचिन्हं आधीच सेव्ह झालीत ती परत टाइप करावी लागेल. फुटक्या अक्षरांसाठी, 'प्रीमियर' या प्रोग्राममध्ये एडिट करत असाल तर प्रेफरन्सेस, मग ग्राफिक्स, तिथे 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडा आणि मजकूर नव्यानं टाका. प्रेसमधून आलेला जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. फॉन्ट 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्ता' किंवा 'बलू' घ्या, फुकट आणि धंद्यालाही चालतात. एका वेळी दोनच ओळी.

आणि कुणी शहाण्यानं अहिराणीतल्या 'केयी'चं पुस्तकी मराठीतलं 'केळी' करून दिलं तर परत 'केयी' करा.

प्रश्न : ग्राहक दोन वर्षांनी येऊन ओरिजिनल डाटा मागतात. किती दिवस सांभाळायचा? (भुसावळ)

माझ्याकडून एका घरची हळद कायमची गेलीय. एकच हार्ड डिस्क होती, टेबलावरून पडली. नवरीच्या आजी त्यानंतर दोन महिन्यांत वारल्या. त्यांचं हलतं-बोलतं चित्र तेवढंच होतं. पैसे परत केले, त्यानं काय होतं?

तेव्हापासून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक स्टुडिओबाहेर. माझी तिसरी डिस्क भावाच्या कपाटात असते. कॉपी झाली असं स्क्रीन म्हणते त्यावर जाऊ नका. चार क्लिप उघडून बघा, मगच कार्ड फॉरमॅट करा. आणि मे महिन्यात डिस्क बंद गाडीत विसरू नका, भुसावळच्या उन्हाचं तुम्हाला मी काय सांगू.

मुदत तुम्हीच ठरवा. माझ्या बिलावर छापलेलं असतं : 'डाटा सहा महिन्यांनंतर ठेवला जाणार नाही.' कुणी वाचत नाही, म्हणून पेनड्राइव्ह हातात देताना ती ओळ मी मोठ्यानं वाचून दाखवतो.