कानाचं मशीन लावलं की डिमेन्शिया थांबतो का? आधी कुल्फीची गोष्ट ऐका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ७३ वर्षांच्या, टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतका, एकच गोष्ट तीन-तीनदा विचारतात, पाहुण्यांत बसल्या की गप्प. भावाला मेसेज आलाय की मशीन लावलं तर डिमेन्शियाची, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज ढासळत जाण्याच्या आजाराची, शक्यता निम्म्यावर येते, आणि दुकानदाराने दोन्ही कानांचा १ लाख ८० हजारांचा जोड दाखवलाय. घ्यायचा का, असं तुम्ही विचारताय.

मी डॉक्टर नाही. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, कानांमागे सात वर्षं फिरतोय, त्या जोरावर लिहितो.

अप्पांनी इचलकरंजीत ३१ वर्षं माग चालवले. धोट्याचे साधे माग, एका शेडमध्ये चोवीस. त्या खडखडाटात माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलायची. कानात कापसाचा बोळा घालायचंसुद्धा कुणाच्या मनात आलं नाही. साठी उलटली आणि घरात "काय म्हणालास?" सुरू झालं. पंचाहत्तरीच्या आसपास तेही थांबलं. नुसते हसायचे, मान डोलवायचे. आम्ही म्हणायचो, अप्पा आता शांत झाले. मग एकदा भाच्याच्या लग्नाची तारीख चारदा सांगून झालेली असताना "मला कुणी सांगितलंच नाही" म्हणून भडकले, आणि आम्ही त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

तिथे एका तरुण डॉक्टरने स्मरणशक्तीची तपासणी केली. तोंडावर मास्क, मध्ये टेबल, डोक्यावर घरघरणारा पंखा. तीन शब्द सांगितले, "टोपी, खुर्ची, आंबा. लक्षात ठेवा, नंतर विचारतो." मध्ये शंभरातून सात-सात वजा करायला लावले, कागदावर घड्याळ काढायला लावलं. ते सगळं अप्पांनी बऱ्यापैकी केलं. मग शब्द विचारले. अप्पा ठणकावून म्हणाले, "कॉफी, कुल्फी, आंबा." तीनपैकी एक गुण. माझ्या पोटात गोळा आला. परत येताना रिक्षात अप्पा मला विचारतात, "त्या पोराला भूक लागली होती काय रे? सगळं खायचंच सांगत होता."

घरी येऊन मी "टोपी-कॉफी", "खुर्ची-कुल्फी" असं मोठ्याने म्हणून बघितलं. तुम्हीही बघा. स्वर जवळजवळ तेच, बदललीत ती व्यंजनं. वयाने किंवा आवाजाने कान जातात तेव्हा बहुतेकदा वरच्या पट्टीतले, म्हणजे बारीक आणि तीक्ष्ण, आवाज आधी जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. स, श, च, ट, क, फ यांची धार वरच्या पट्टीत असते, ती बोथट होते. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." कान अर्धा शब्द देतो, उरलेला अर्धा मेंदू अंदाजाने भरतो. अप्पांनी जे ऐकलं ते पाच मिनिटांनी एकही चूक न करता परत सांगितलं होतं. त्या तीन शब्दांपुरती त्यांची स्मरणशक्ती पास झाली होती, नापास झाले होते ते कान.

आता तुमच्या भावाच्या "निम्म्यावर येते" कडे येतो. हा आकडा हवेतून आलेला नाही, पण वाटेत त्याची बरीच मोडतोड झालीय.

२०११ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फ्रँक लिन यांच्या गटाने बाल्टिमोरच्या ६३९ लोकांचा अभ्यास छापला. सुरुवातीला यातल्या कुणालाही डिमेन्शिया नव्हता. त्यांच्यावर सुमारे बारा वर्षं लक्ष ठेवलं. कान थोडे गेलेल्यांत डिमेन्शियाचं प्रमाण साधारण दुप्पट, मध्यम गेलेल्यांत तिप्पट आणि फार गेलेल्यांत पाचपट निघालं. हे "पाचपट" सगळीकडे फिरतं. पण त्या फार गेलेल्या गटात माणसं होती फक्त सहा. काहीतरी नातं आहे हे नंतरच्या बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलं, त्यावर आता फारसा वाद नाही. पण नातं आहे म्हणजे कानामुळेच मेंदू बिघडतो, असं लगेच म्हणता येत नाही. बीपी, शुगर आणि रक्तवाहिन्यांचे आजार कान आणि मेंदू दोन्हींवर एकदमच घाव घालू शकतात.

मग २०२३ साली अचीव्ह नावाची मोठी चाचणी आली. अमेरिकेतली चार ठिकाणं, ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं. अर्ध्यांना मशीन आणि ऑडिओलॉजिस्टची (कान तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाची) देखरेख, अर्ध्यांना आरोग्याबद्दल माहितीची सत्रं. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर दोन्ही गटांच्या बौद्धिक घसरणीत फरक नाही! फरक दिसला तो आधीपासून हृदयाच्या एका दीर्घ अभ्यासात असलेल्या २३८ जणांत. ही माणसं तुलनेने वयस्कर होती आणि त्यांना बाकीचे धोकेही जास्त होते. त्यांच्यात मशीनवाल्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. भावाचं "निम्मं" बहुधा इथलं आहे. ते घसरणीच्या वेगाबद्दल आहे, डिमेन्शिया होण्या-न होण्याबद्दल नाही, आणि तेही एका उपगटातलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या यूके बायोबँक या लोकांच्या आरोग्य-माहितीच्या मोठ्या साठ्यावरून एक निबंध लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मशीन न लावणाऱ्यांना डिमेन्शियाचा धोका जास्त आणि लावणाऱ्यांना नाही, असं त्यात होतं. त्याचीही खूप जाहिरात झाली. डिसेंबरमध्ये तो मागे घेतला गेला, कारण आकडेमोडीत मशीनवाले आणि बिनमशीनवाले यांची अदलाबदल झाली होती. दुकानातल्या पत्रकात हा निबंध अजून दिसला तर त्या दुकानातून उठा.

डिमेन्शियावरच्या लॅन्सेट आयोगाचा (तज्ज्ञांच्या गटाचा) २०२४ चा अहवालही तुम्हाला कुणीतरी दाखवेल. त्यात टाळता येण्यासारखे १४ धोके दिलेत आणि कानाच्या वाट्याला ७ टक्के आहेत. अर्थ असा की जगात कुणाचेच कान गेले नसते तर डिमेन्शियाचे शंभरातले सातेक रुग्ण टळले असते, तेही कान हे कारण आहे असं धरून. तुमच्या आईंचा धोका ७ टक्के, असं ते नाही.

मग मशीन लावायचं की नाही? लावायचं. पण डिमेन्शियाच्या भीतीने नाही, आईंशी बोलता यावं म्हणून. मेंदूला फायदा झालाच तर तो वरकड.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. मशीन लागल्यावर तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा केली. शांत खोली, समोरासमोर, डॉक्टरांचा मास्क खाली. गुण चांगलेच वाढले, पण पैकीच्या पैकी आले नाहीत. म्हणजे अप्पांचा विसरभोळेपणा थोडा खराही होता, आणि तो आजही आहे. गोळ्यांचा डबा मीच भरतो. मात्र ते आता पारावर जाऊन बसतात, भांडतात, कोण कुठे गेला ते घरी येऊन सांगतात. आधीची दोन वर्षं ते पारावर गेलेच नव्हते. ऐकायला येत नाही म्हणून माणूस बसणं-उठणं सोडतो आणि दिवसभर भिंतीकडे बघतो, ही वाट माझ्या मते सगळ्यात वाईट. शिवाय सगळी ताकद "हा काय म्हणाला" हे ओळखण्यात गेली, तर ते लक्षात ठेवायला उरणार काय?

तुम्ही दुकानाआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कानात मळ साचलेला असला तर पाच मिनिटांत निम्मं काम होतं, आणि ते दुकानदार सांगणार नाही. मग ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीतला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढा. नुसत्या शिट्ट्यांची चाचणी पुरेशी नाही, शब्द किती कळतात तीही मागा, आणि शब्द मराठीतले असू द्या. जिल्हा रुग्णालयात ही सोय बहुधा असते. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्रे रेक्लमेशनला अलीयावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची सरकारी संस्था आहे. एक गोष्ट मात्र वेगळी लक्षात ठेवा. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात उशीर झाला की औषधाचा उपयोग कमी होतो.

विसरण्यासाठी बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडही तपासून घ्या. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं नवीन नाही. आई उदास असतात का, तेही डॉक्टरांना सांगा.

१ लाख ८० हजार लगेच देऊ नका. मशीन आठ-दहा दिवस घरी वापरायला मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. जास्त चॅनल (मशीन आवाजाचे जे वेगवेगळे पट्टे करतं ते) म्हणजे जास्त चांगलं हे दुकानातलं गणित आहे. आईंच्या ऑडिओग्रामप्रमाणे मशीन बसवून नंतर चार-पाच वेळा सेटिंग करून देणारा ऑडिओलॉजिस्ट जवळ आहे का, हे मी आधी बघेन. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, अशा उपकरणांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. चांगलं डिजिटल मशीन त्यात येत नाही, पण बसत असाल तर सोडू नका.

पहिला महिना कठीण जातो. अप्पा म्हणायचे, "भांडी डोक्यात आपटताहेत." कुकरची शिट्टी झाली की मशीन काढून खिशात. इतकी वर्षं न आलेले आवाज एकदम येतात, मेंदूला त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला घरातच दोन तास, एकाच माणसाशी बोलताना, टीव्ही बंद ठेवून लावा. मग हळूहळू वाढवा. मशीन कपाटात जाण्याची भीती याच महिन्यात जास्त.

बटणाएवढ्या सेलवर (बॅटरीवर) चालणारी मशीनं असतील तर एक गंमत सांगतो. सेलवरचा स्टिकर काढला की आत हवा जाते आणि सेल सुरू होतो. स्टिकर काढून एखादं मिनिट थांबून मगच बसवायचा. अप्पा काटकसरीचे, रात्री सेल काढून त्यावर तोच स्टिकर परत चिकटवायचे आणि सकाळी "बघ, वाचवला" म्हणायचे. एकदा सुरू झालेला सेल काही वाचत नाही. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, नाहीतर दमटपणाने ते महिन्यात कुरकुरायला लागतं.

आणि घरच्यांसाठी: ओरडू नका. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात, वर आईंना वाटतं तुम्ही रागावलात. आधी हाक मारा, चेहरा उजेडात ठेवा, मग बोला. कळलं नाही तर तेच वाक्य चढ्या आवाजात नको, शब्द बदलून सांगा. "जाऊ दे, काही नाही" हे तर आम्ही घरात बंदच केलंय. अप्पांनी पुढे एकदा मला सांगितलं की त्यांना बहिरेपणापेक्षा त्या वाक्याचा जास्त राग यायचा.

ऑडिओग्रामचा कागद हातात आला की दोन्ही कानांचे आकडे इथे लिहा, सोबत शब्द कळण्याची टक्केवारीही. बघून सांगतो. तोवर दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नका, तो "ऑफर रविवारपर्यंतच" म्हणाला तरी.