वैद्यकशास्त्रात 'वंश' ही संकल्पना खरंच उपयोगी आहे का?

समोरच्या एका रुग्णाचा उपचार ठरवायला फारशी नाही, असं माझं मत.

मूत्रपिंडाचंच घ्या. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ घटकावरून मूत्रपिंड किती काम करतंय हे काढायचं २००९ चं एक सूत्र अमेरिकेत सर्रास वापरलं जायचं. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला थेट १.१५९ ने गुणायचं! म्हणजे इतरांचा आकडा १८ आला असता, तिथे त्याचा कागदावर जवळपास २१. आणि प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षाकाळ मोजला जातो तो हा आकडा २० किंवा त्याखाली आल्यावर. रक्ताचा रिपोर्ट तोच, पण हा रांगेबाहेर. (आई गोरी आणि वडील कृष्णवर्णीय असतील तर काय करायचं, याचं उत्तर सूत्रात नव्हतं.) शेवटी २०२१ मध्ये नवं सूत्र आलं आणि वंश त्यातून वगळला गेला.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला 'कृष्णवर्णीयांचा आजार' म्हणणंही अर्धवटच. त्या जनुकाचं नातं त्वचेच्या रंगाशी नाही, मलेरियाशी आहे: त्याची एकच प्रत असेल तर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून तो आफ्रिकेत आढळतो तसाच ग्रीसमध्ये, अरबस्तानात आणि भारतातल्या आदिवासी भागांतही आढळतो. जनुक तपासता येत असेल तर वंश विचारून अंदाज कशाला बांधायचा?

मात्र वंशाची नोंदच बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन जास्त दाखवू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की त्याच्या नजरेतून सुटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होती. नोंदी होत्या म्हणून हे पकडता आलं.