डार्क चॉकलेट म्हणजे नक्की काय? कडू असूनही लोकांना ते का आवडतं?

कोकोच्या भाजलेल्या बिया वाटून झालेला लगदा, थोडं जास्तीचं कोको बटर आणि साखर, एवढंच. दुधाची पावडर सहसा नसते. पाकिटावरचे ७०% म्हणजे लगदा आणि कोको बटर मिळून ७०. उरलेली जवळजवळ सगळी साखर, म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीत साधारण ३० ग्रॅम. त्यामुळे ‘डार्क म्हणजे बिनसाखरेचं’ हा समज सोडा.

आवडण्याचं मोठं कारण कोको बटर. ते खोलीत घट्ट राहतं, पण ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तोंडात गेल्यावरच. म्हणून चावू नका, तुकडा जिभेवर विरघळू द्या. कडवटपणामागे हळूहळू आंबट, फळांसारखी, कधी सुक्या मेव्यासारखी चव उलगडते. ती बिया काही दिवस आंबवण्यातून आणि भाजण्यातून येते. म्हणूनच दोन कंपन्यांचं ७०% सारखं लागत नाही. नुसतं जळकट लागलं तर बहुधा बिया जास्त भाजल्यात. तो ‘डार्क’चा गुण नव्हे.

घेताना घटक वाचा. पाम तेल किंवा ‘हायड्रोजनेटेड वनस्पती तेल’ दिसलं तर ते बहुधा कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं तेल घातलेलं; ते टाळूला मेणचट चिकटतं. सुरुवात ५५-६०% पासून करा, थेट ८५ वर उडी नको.

उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवायचं तर हवाबंद डब्यात. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, नाहीतर दमटपणा बसून साखर वर येते आणि पांढरट थर दिसतो. हा थर बुरशी नसतो, बिनधास्त खा.