तीन पेनल्ट्या आणि त्यानंतरचा सामना

प्रश्न : सर, आम्ही बेळगावजवळ येळ्ळूरला राहतो. माझा मुलगा नववीत आहे. शाळांच्या सामन्यात शेवटच्या क्षणी त्याची पेनल्टी बाहेर गेली आणि शाळा हरली. तेव्हापासून बूट कॉटखाली पडलेत, विषय काढला तर जेवणाच्या ताटावरून उठतो. गोव्यातला त्याचा मामा सांगतो की अर्जेंटिनाच्या एका फॉरवर्डनं एकाच सामन्यात तीन पेनल्ट्या घालवल्या होत्या. हे खरं आहे का? त्याचं पुढं काय झालं?
– एक आई, येळ्ळूर

उत्तर : ताई, मामा खरं सांगतो. तो खेळाडू मार्टिन पालेर्मो. ४ जुलै १९९९, कोपा अमेरिका स्पर्धा, पॅराग्वेमधलं लुके शहर, समोर कोलंबिया. पहिली पेनल्टी बारवर आदळली, दुसरी बारच्या वरून गेली, तिसरी गोलरक्षक मिगेल कालेरोनं अडवली. अर्जेंटिना ०–३ नं हरली.

तिसऱ्या वेळीही चेंडू त्यानंच घेतला, याचं लोक कौतुक करतात. मी करणार नाही. तीस वर्षं मुलांना शिकवून माझं मत असं झालंय की ती किक दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवी होती. मला मोलाचा वाटतो तो तीन दिवसांनंतरचा सामना. प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी उरुग्वेविरुद्ध पालेर्मोला पुन्हा खेळवलं, त्यानं गोल केला आणि अर्जेंटिना २–० नं जिंकली. त्या गोलाची आठवण कुणी काढत नाही. तुमच्या मुलाला मात्र तोच सांगा.

हे एवढ्या आग्रहानं लिहितोय त्याला कारण आहे. मी नवा नवा कोच होतो तेव्हा एका मुलानं अशीच पेनल्टी घालवली. दुसऱ्या सामन्याला मी त्याला बाहेर बसवलं. शिक्षा म्हणून नव्हे, त्याच्यावरचं दडपण कमी व्हावं म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. तो पुन्हा मैदानावर आला नाही. आज तो उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतो. वाटेत भेटला की थांबतो, ‘सर, बरं आहे की?’ विचारतो. फुटबॉलचं नाव दोघंही काढत नाही. त्याचा डावा पाय किती चांगला होता हे मला अजून दिसतं.

आता पालेर्मोचं पुढं काय झालं ते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. सहा महिने गेले. मे २००० मध्ये त्याच्या बोका ज्युनिअर्स या अर्जेंटिनातल्या क्लबकडून, कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेटविरुद्ध, तो बदली म्हणून उतरला आणि त्यानं गोल केला. नोव्हेंबरमध्ये टोकियोत, युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांच्या लढतीत, समोर रिअल माद्रिद होतं. पहिल्या सहा मिनिटांत पालेर्मोचे दोन गोल, बोका २–१ नं विजयी. मग स्पेनमध्ये व्हिलारिअलकडून खेळताना २००१ साली गोल साजरा करायला प्रेक्षकांकडे धावला, भिंत कोसळली, पाय मोडला. त्यातूनही तो परतला. बोकाकडून एकूण २३६ गोल केले, क्लबच्या इतिहासातले सर्वाधिक. २०११ मध्ये निरोप देताना क्लबनं त्याला मैदानावरचा गोलपोस्टच भेट दिला.

देशाच्या संघात मात्र १९९९ नंतर दहा वर्षं त्याला जागा नव्हती. २००९ मध्ये मॅराडोना प्रशिक्षक असताना बोलावणं आलं. पेरूविरुद्धचा तो सामना मी पुन्हा पुन्हा बघतो, कारण तसला पाऊस आपल्याकडे जुलैत पडतो, समोरचा माणूस दिसत नाही असा. वर्ल्डकपची पात्रता अधांतरी, भरपाईची मिनिटं चाललेली, आणि गोलाजवळ चेंडू पायात आला तो पालेर्मोच्या. २–१. मॅराडोना पाण्यातून पोटावर घसरत गेले. पुढच्या वर्षी वर्ल्डकपमध्ये ग्रीसविरुद्ध शेवटची दहा मिनिटं मिळाली, तिथंही त्यानं गोल केला. वय ३६.

२०१२ पासून तो कोच आहे. अर्जेंटिना, चिली, मेक्सिको असे देश फिरला आणि वर्षानुवर्षं हाती एकही करंडक नाही. २०२३ मध्ये प्लातेन्से या लहान क्लबला अंतिम सामन्यापर्यंत नेलं, तिथं हार. अखेर २०२४ मध्ये विजेतेपद मिळालं ते पॅराग्वेच्या ऑलिम्पिया क्लबबरोबर. हा क्लब असुन्सिओनचा, आणि लुके त्याला लागूनच आहे, येळ्ळूर आणि वडगाव असावेत तसं. पंचवीस वर्षं आधी जिथं तीन पेनल्ट्या घालवल्या, त्या शहराच्या शेजारीच.

ताई, मुलाला पेनल्टीबद्दल काही विचारू नका. शाळेच्या सरांना जाऊन भेटा आणि पुढच्या सामन्यात त्याला पहिल्या मिनिटापासून उतरवा म्हणून सांगा. शाळेचे सामने लांब असतील तर रविवारी सकाळी साडेसहाला टिळकवाडीत लेले मैदानावर पाठवा. आम्ही दोन संघ पाडून खेळतो, जागा असते. बूट आदल्या रात्री तुम्हीच बाहेर काढून ठेवा.

प्रश्न : मोठा स्ट्रायकर मोठा कोच होतोच का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही, आणि झालाच तर वेळ लागतो. अर्जेंटिनाचाच स्ट्रायकर एर्नान क्रेस्पो बघा. त्याला २००५ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात दोन गोल करूनही हार पत्करावी लागली होती. त्याचा मिलान संघ मध्यंतराला ३–० नं पुढं होता, लिव्हरपूलनं बरोबरी केली आणि पेनल्ट्यांवर जिंकलं. कोच म्हणून सुरुवातीलाच मोडेना क्लबनं त्याला मोसम संपायच्या आत काढलं. २०२४ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या दोन सामन्यांच्या अंतिम फेरीत त्याचा अमिरातीतला अल ऐन संघ पहिला सामना १–२ नं हरून घरी आला. दुसरा ५–१ नं जिंकला आणि करंडक मिळवला.