हिशोब मागणं म्हणजे अविश्वास का?

"ताई, घरखर्चाचा हिशोब विचारला की आमचे मिस्टर म्हणतात, तुझा देवावरचा विश्वास कमी पडतो. खरंच कमी आहे का हो?" ख्रिस्ती घरांतल्या बायका हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. त्यातल्या एका घराची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. ती नर्स, नवरा शिंपी. त्याचा हात चांगला, गावात नाव होतं. पण बऱ्याच संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेची घरसभा, शुक्रवारी उपासप्रार्थना आणि कुठे कन्व्हेन्शन, म्हणजे मोठा ख्रिस्ती मेळावा, असलं की दोन-तीन दिवस दुकानाला कुलूप. गिऱ्हाइकं माप आणि आगाऊ पैसे देऊन जायची, ठरल्या तारखेला बंद शटर बघून परत फिरायची. नाताळच्या तोंडावर मंडळीतल्याच, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्याच, लोकांचे कपडे रखडले आणि बोलणी हिला खावी लागली. दुकानाचं भाडं थकलं, बचत गटाचा हप्ता हिच्या पगारातून जाऊ लागला. काही म्हणायला जावं तर उत्तर तयार: आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, तरी देव त्यांना खाऊ घालतोच ना?

मी तिला सांगितलं, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू चिंता करू नका म्हणतो. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडा, असं तो म्हणत नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दाखलाही त्यानेच दिला आहे, लूकच्या चौदाव्या अध्यायात. हिशोब मांडणाऱ्या बाईला अविश्वासू ठरवायला शास्त्रात काही आधार नाही.

मग तो आला, नाखुशीनेच. वचनं त्याला तोंडपाठ होती, त्यामुळे त्याला आणखी वचनं ऐकवण्यात अर्थ नव्हता. सकाळी दुकान उघडताना कसं वाटतं, एवढंच मी विचारलं. बराच वेळ तो गप्प होता. मग एकेक निघालं. रेडिमेडमुळे काम घटलं. लोक शिलाईच्या पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतात. शटर वर केलं की पैसे मागणारा आधी हजर. सभेत मात्र हेच लोक 'ब्रदर' म्हणून मान देतात, घरी कोणी आजारी असलं की प्रार्थनेला बोलावतात.

त्याची भक्ती खोटी नव्हती, हे मी ठामपणे सांगेन. पण दुकानात वाटणाऱ्या लाजेपासून लपायला त्याला तीच जागा सापडली होती. अशा माणसाला आळशी म्हटलं की तो आणखी दूर जातो, आणि घरचे नेमकं तेच म्हणत होते.

आम्ही बायबलमधल्या प्रेषित पौलाबद्दल बोललो. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहिला, कारण तिघांचा धंदा एकच, तंबू बनवण्याचा. शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात तो उपदेश करायचा आणि हाताने कामही करायचा. कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस कष्ट केले, असं त्याने थेस्सलनीकाकरांना लिहिलं आहे. मग विषय पुणे जिल्ह्यातल्या केडगावकडे वळला. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं आत्मिक जागरण झालं. प्रार्थनांनी भरलेल्या त्याच आवारात मुली विणकाम, शेतीकाम, छपाई शिकत होत्या. रमाबाईंनी भाषांतर केलेल्या मराठी बायबलचे छपाईचे खिळेही तिथल्याच बायकांनी जुळवले.

"मग सभेला जायचंच नाही का?" त्याने विचारलं.

जायचं. पण कोणत्या सभेला जायचं, हे आधी ठरवायचं. शुक्रवार आणि रविवार त्याने पक्के ठेवले, बाकीच्या सभांना दुकान बंद केल्यावर जायचं ठरवलं. एका दिवसात आपल्या हातून प्रत्यक्ष किती कपडे होतात, ते त्याने आठवडाभर लिहून काढलं. तारीख त्यावरून द्यायची, गिऱ्हाइकाच्या घाईवरून नाही. ज्यांचे कपडे रखडले होते त्यांना त्याने स्वतः फोन केले, आणि हेच त्याला सगळ्यात जड गेलं. देण्याघेण्याची वही दोघांनी महिन्यातून एकदा, आधी प्रार्थना करून, एकत्र बसून बघायची असं ठरलं. तिलाही मी एक पथ्य सांगितलं: पैशांचा विषय त्याच दिवशी काढायचा, रोज जेवताना नाही.

कर्ज फिटायला अजून अवकाश आहे. कन्व्हेन्शनचं पत्रक आलं की घरात अजूनही ताण येतो, मग ती मला फोन करते. नाताळच्या कपड्यांची मापं मात्र त्याने नोव्हेंबरअखेर घ्यायची बंद केली, अगदी मंडळीतल्या लोकांनी आग्रह केला तरी.