‘व’च्या पोटातलं बेट

प्रश्न : काका, नमस्कार. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय आणि मिरजेत बाबांच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये काम करते. यंदा आम्ही छोटा सीएनसी राउटर (संगणकावरून चालणारं कोरकामाचं यंत्र) घेतला. पहिलंच काम सागवानी पाटीचं आलंय : ३०० बाय १२० मिलिमीटर, जाडी १८, त्यावर ‘विसावा’ हे घराचं नाव ४ मिलिमीटर खोल कोरायचं. गिऱ्हाइकाच्या ओळखीतल्या डिझायनरनं इलस्ट्रेटर या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं करून एसव्हीजी (रेषाचित्राची) फाइल दिली. फ्रीकॅड या आराखड्याच्या (कॅड) प्रोग्रॅममध्ये उघडली तर नावाची लांबी २४० हवी ती १८० भरते. पॉकेट (खाच पाडायची आज्ञा) घेतलं की चूक दाखवतो. इंकस्केप या दुसऱ्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ‘ब्रेक अपार्ट’ करून पुन्हा आणल्यावर पॉकेट झालं, पण ‘व’च्या पोटातला भागही खोल गेला. बाबा म्हणतात, राहू दे, मी पटाशीनं कोरतो. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : बाबांची पटाशी जवळच असू द्या, शेवटी ती लागणारच आहे. पण खाच मशिननंच मारा. तुम्ही अगदी थोडक्यात अडला आहात.

आधी माप. २४०चे १८० झाले म्हणजे बरोबर पाऊणपट, आणि हा पाऊणपट फाइल कुठून आली ते सांगतो. इलस्ट्रेटर एका इंचात ७२ बिंदू धरतो, आजचं एसव्हीजी वाचणारे प्रोग्रॅम ९६ धरतात. ७२ भागिले ९६, पाऊण. इंकस्केपची ०.९२च्या आधीची आवृत्ती ९० धरायची. तशी फाइल असती तर २४०चे २२५ दिसले असते. हे मी नुकसान सोसून शिकलो. कोल्हापुरात पॅटर्नशॉपमध्ये (ओतकामाचे नमुने करतात तिथे) असताना एका जुन्या फाइलवरून नाव कोरलं आणि पाटी पुरी झाल्यावर पट्टी लावली. १५ मिलिमीटर कमी. लाकूड गेलं, दिवसही गेला. तेव्हापासून कुठलंही चित्र आलं की त्याच्या शेजारी १०० मिलिमीटरचा एक चौकोन काढतो. कॅडमध्ये आणल्यावर आधी तो मोजायचा, १०० भरला तरच पुढे जायचं, मग तो पुसायचा. तुम्ही इंकस्केपमध्येच एकक मिलिमीटर करा, रुंदी-उंचीमधलं कुलूप लावा आणि रुंदी २४० टाका. कॅडमध्ये गेल्यावर ताणत बसू नका.

आता खरी अडचण. डोळ्याला ‘विसावा’ हा एक शब्द दिसतो. फाइलमध्ये तो सहा तुकडे आहे : वेलांटी, व, स, काना, व, काना. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपली शिरोरेघ स्वतःबरोबर आणतं, आणि मध्ये फट दिसू नये म्हणून ती शेजारच्या रेघेवर जराशी चढवलेली असते. कागदावर काळ्यावर काळं, कुणाला कळत नाही. कॅडला मात्र तिथे एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसतात. आत कुठलं, बाहेर कुठलं, हे त्याला ठरवता येत नाही. रोमन अक्षरं सुटी सुटी असल्यामुळे इंग्रजी पाट्या करणाऱ्यांना हा त्रास फारसा होत नाही, आणि म्हणून त्यांच्या व्हिडिओत तो सांगितलेलाही नसतो. आपल्या लिपीत मात्र तो प्रत्येक शब्दाला आहे.

म्हणून मूळ फाइल पुन्हा घ्या, ब्रेक अपार्ट केलेली नको. ती आज्ञा पोटाची कड बाहेरच्या कडेपासून तोडते. मग पोटाचा आकारही स्वतंत्र भरीव तुकडा होतो आणि राउटर तिथेही उतरतो. इंकस्केपमध्ये सगळं निवडा, पाथ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, ग्रुप सोडवा आणि मग ‘युनियन’. कुठे नुसती जाड रेघ ओढलेली असेल तर युनियनच्या आधी ‘स्ट्रोक टू पाथ’. आता दृश्य आउटलाइनवर घ्या आणि मोठं करून शिरोरेघेवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. वरची एक रेषा सलग, खाली अक्षरं लोंबलेली, मध्ये एकही आडवा छेद नाही, असं दिसायला हवं. आत फक्त तीन बंद आकार : दोन ‘व’ची पोटं आणि ‘स’मधली शिरोरेघेखालची जागा. वेलांटीचं टोक शिरोरेघेला टेकलं असेल तर तिच्या कमानीखाली चौथा. ही बेटं, म्हणजे भोवती खाच आणि मध्ये न कोरता राखायचं लाकूड. मोजून घ्या.

फ्रीकॅडमध्ये आणताना ‘एसव्हीजी अॅज जॉमेट्री’ हा पर्याय निवडा. आलेलं सगळं निवडून ड्राफ्ट वर्कबेंचमधल्या (हत्यारांच्या संचातल्या) ‘ड्राफ्ट टू स्केच’नं एकच स्केच (सपाट आराखडा) करा. सगळ्या कडा एका स्केचमध्ये असल्या की आतली बंद कड म्हणजे बेट हे त्याला आपोआप समजतं. तरीही वायर (कडांची साखळी) बंद नाही अशी तक्रार आली तर ‘व्हॅलिडेट स्केच’ उघडा. कुठे केसाएवढी फट राहिली असेल ती तो शोधून जोडतो.

पुढे पॉकेट घेता येईल, पण एवढ्या वळणांच्या चित्राला मी पार्ट वर्कबेंच वापरतो. पाटी शून्यापासून १८ पर्यंत. स्केच १४च्या उंचीवर ठेवा आणि ‘एक्स्ट्रूड’ (स्केचला उंची देणं) ५ करा, ‘क्रिएट सॉलिड’वर खूण करून. म्हणजे अक्षरं पाटीच्या वर १ मिलिमीटर डोकावतील. दोन पृष्ठभाग तंतोतंत एका पातळीत आले की वजाबाकी अडखळते, हा १ मिलिमीटर त्यासाठी. मग आधी पाटी निवडा, नंतर अक्षरं, आणि ‘कट’. क्रम उलटा झाला तर अक्षरातून पाटी वजा होईल.

मशिनवर चढवण्याआधी एक गोष्ट तपासा, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तुमचा कटर बहुधा ३ मिलिमीटरचा असेल. ३ मिलिमीटरपेक्षा अरुंद जागेत तो शिरणार नाही आणि खाचेच्या प्रत्येक आतल्या कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई सोडेल. ‘स’च्या गाठीशी नेमकी अशी जागा असते. इंकस्केपमध्ये अक्षरांची एक प्रत घ्या, ‘इनसेट’नं दीड मिलिमीटर आत ओढा, मग ‘आउटसेट’नं दीड बाहेर. मूळ चित्रावर ठेवून बघा. जे नाहीसं झालं तिथे कटर पोचणार नाही. फारच गेलं असेल तर डिझायनरला रेघ जाड करायला सांगा, किंवा सपाट तळाचा हट्ट सोडून व्ही-बिट (टोकाशी निमुळता कटर) लावा. ६० अंशाचा बिट ४ मिलिमीटर रुंद रेघेत साधारण साडेतीन मिलिमीटर उतरतो, ९० अंशाचा फक्त २. रेघेची जाडी बदलली की खोली आपोआप बदलते. बोरूच्या वळणाच्या अक्षराला ते फार शोभतं.

शिरोरेघ लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच ठेवा. पोटातलं बेट लहान असतं, ते शेवटच्या फेरीत उडतं. तिथे एका वेळी १ मिलिमीटरच उतरा. सागात वाळूचा अंश असतो, तो धार खातो. कार्बाइडचा कटर घ्या आणि धार गेलेला बेटापाशी नेऊ नका. मग राहिलेले कोपरे बाबांना पटाशीनं तासू द्या. यंत्राला न जमणारा तीक्ष्ण कोपरा हातानं काढलेली पाटी लांबूनही ओळखू येते.

प्रश्न : गुढीपाडव्याच्या साखरगाठीचा लाकडी साचा राउटरवर करायचा आहे. मधल्या पदकावर ‘श्री’ हवं. वरच्यासारखीच पद्धत का?
— एक हलवाई, बार्शी

उत्तर : चित्र आणण्याची पद्धत तीच, पण तीन फरक. पाटीत खाच हीच वस्तू. तुमच्याकडे खाचेत ओतलेली साखर ही वस्तू. म्हणून ‘श्री’ इंकस्केपमध्येच आडवं उलटवून घ्या, तरच गाठीवर सुलट उमटेल. दुसरं, खाचेच्या भिंती उभ्या ठेवल्या तर गाठ अडकून तुटेल. ओतकामाच्या पॅटर्नला आम्ही ड्राफ्ट, म्हणजे उतार, देतो तसा इथेही द्या : तोंड रुंद, तळ अरुंद. फ्रीकॅडच्या पॉकेटमध्ये टेपरचा कोन टाकता येतो. मी अशा साच्याला ७ अंश ठेवतो, आणि तेवढ्याच उताराचा कटर लावतो. तिसरं, दोऱ्यासाठी पदकापासून पदकापर्यंत चर लागेल. तो चित्रात आधीच काढा आणि पदकाच्या आकाराशी युनियन करा. ‘श्री’ त्यात मिसळू नका. त्याचं स्केच वेगळं करून पदकाच्या तळातून आणखी १ मिलिमीटर खाली न्या, म्हणजे गाठीवर ते उठून दिसेल.