रत्नागिरीच्या थिबा पॅलेससारख्या जुन्या वास्तूंची दुरुस्ती इतकी का रखडते?

पैसा हे एक कारण आहेच, पण कोकणात मोठा अडसर पावसाचा. ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजासाठी १९१० च्या सुमारास बांधलेला हा राजवाडा जांभ्या दगडाचा आणि लाकडाचा. अशा वास्तूचं छप्पर जून ते सप्टेंबर उघडताच येत नाही. निविदेला दोन-तीन महिने उशीर झाला की वर्ष हातचं गेलंच! त्यात चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी. घाईने सिमेंट थापलं तर ओल भिंतीतच अडकते. आमच्या गावच्या जुन्या वाचनालयात मी पाहिलंय: गिलावा वरून टणक, नखाने टोकरला की आतून लाल भुगा. पाठपुरावा करणार असाल तर आधी कौलं आणि पन्हळी दुरुस्त करायला लावा. रंगरंगोटी नंतर.